पागाचं शिसं

१

गुणाजी परबाच्या पाठीतून मी जी गोळी काढली ती पोलिसांची नव्हती. मी रिपोर्टात तसं लिहिलं. जे दिसलं तेच लिहिलं, आणि त्या एका ओळीच्या आधारावर लोकांनी एका निरपराध माणसाला फासाच्या दोरापर्यंत नेलं. त्याचा माझा राग अजून गेलेला नाही.

छप्पन सालचा जानेवारी होता. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं कळलं आणि लालबाग-परळ रस्त्यावर उतरलं. गिरण्या बंद, दुकानं बंद, छापखाने बंद, भंगारवाल्यांच्या फळ्यासुद्धा लागलेल्या. रस्त्यात आधी अश्रुधूर, मग लाठी, मग गोळ्या. मी सुनंदा कोठारे, मूळची गिरगावची, तेव्हा परळच्या एका हॉस्पिटलात सर्जन होते. त्या आठवड्यात मी बायकांच्या, शाळकरी पोरांच्या, भाजी आणायला निघालेल्या म्हाताऱ्यांच्या अंगातून गोळ्या काढल्या आणि प्रत्येक गोळी ताटलीत टाकताना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

त्या सगळ्या गोळ्या एकाच आईची लेकरं होती. लांबट, टोकदार, वरून तांब्याचं कवच. सोमवारी दुपारी विजयकर चाळीतून गुणाजीला आणलं तेव्हा तो गेलेलाच होता. गिरणीतला माणूस, चाळ कमिटीचा सेक्रेटरी, मोर्चात सगळ्यांत पुढे घोषणा देणारा. बाहेर लोक त्याच्या नावाचा जयजयकार करत होते.

त्याच्या पाठीतून निघालेली गोळी मात्र गोल होती. मोठ्या बोराएवढी, एका अंगाने चेपलेली, करडी. नख लावलं तर ओरखडा उठला. अंगावर सुरकुत्या, त्यात काळे कण अडकलेले, आणि एका बाजूला साच्यात ओतताना राहिलेला छोटा देठ. ही कुणीतरी घरच्या चुलीवर ओतलेली शिशाची गोळी होती.

जखम खांद्याच्या मागून खाली उतरत गेली होती, म्हणजे बार वरून झाला होता. गुणाजी पडला तो चाळीच्या मागच्या गल्लीत. तिथे त्या दिवशी एकही पोलीस फिरकला नव्हता.

रस्त्यावर माणसं मरत होती, आणि त्या आवाजाआड कुणीतरी आपलं काम उरकून घेतलं होतं. वर प्रेत हुतात्म्यांच्या रांगेत ढकलून दिलं होतं.

२

बुधवारी इन्स्पेक्टर कर्णिकांनी हेन्री मिस्किटाला पकडलं.

हे मला हेन्रीच्या बायकोने सांगितलं. क्लारा थेट वॉर्डात शिरली, नर्सने अडवलं तर तिला बाजूला सारून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. लाल लुगडं, कपाळावर काचेने कापल्याची खूण.

"तूच ना ती डॉक्टरीण? तूच लिवलंस ना, गोली घरी वतलेली हाय म्हनून?"

"हो."

"मग आता माजा मानूस फाशी जानार. आमचे घरान शिसं हाय, म्हनून. माज्या खिडक्यांवर धोंडे मारले लोकांनी. शेजारच्या लोकांनी. ज्यांना मी बोंबील वाटले त्या लोकांनी."

मिस्किटांचं बैठं घर विजयकर चाळीला लागूनच होतं. चाळ बांधली गेली त्याच्या कितीतरी आधीपासून ते ख्रिस्ती कुटुंब तिथे होतं. त्यांच्या आज्या-पणज्यांनी ह्या परळात भात लावला होता. हेन्री गिरणीत फिटर होता आणि सुट्टीला शिवडीच्या खाडीत पाग टाकून मासे धरायचा. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. ते बुडावं म्हणून त्याच्या काठाला शिशाचे मणी ओवलेले असतात, आणि ते मणी हेन्री घरीच ओतायचा.

मी कर्णिकांना गाठलं. दाढी वाढलेला, झोप न झालेला माणूस.

"डॉक्टरीणबाई, त्याच्या पलंगाखाली शिशाची मोठी लादी सापडली. ओतायची पळी सापडली. गुणाजी त्याला मोर्चात ये म्हणत होता आणि हा नाही म्हणाला, त्यावरून नळावर बाचाबाची झाली. शिवाय चाळीत बोललं जातंय की लपलेल्या कार्यकर्त्यांची नावं हाच आम्हाला पोहोचवायचा."

"पोहोचवायचा का?"

कर्णिकांनी माझ्याकडे बघितलं नाही. "ते मला विचारू नका."

"आणि बंदूक?"

"खाडीत टाकली असेल. उद्या कोर्टात उभा करतो. लोकांना माणूस हवाय, बाई, आणि वरच्यांनाही हवाय."

त्यांना कुठलाही माणूस चालणार होता. मला चालणार नव्हता.

३

त्याच दुपारी मी विजयकर चाळीत गेले. गुणाजीची बायको बेबी खोलीच्या कोपऱ्यात बसली होती. रडून झालं होतं, आता नुसती भिंतीकडे बघत होती.

"आदल्या राती माका म्हणाले, आपल्यातलोच एक जण नावां पोचवता. तेंनी म्हणे एक खोटो पत्तो फक्त एकाच माणसाक सांगलेलो, आणि शनवारी सकाळी पोलीस नेमके त्या पत्त्यार गेले. म्हणाले, उद्याच्या सभेत तेचा नाव घेतलंय बघ. कोणाचा, तां काय माका सांगूक नाय." ती थांबली. "हेन्री नाय तो. हेन्रीक ते कशाक पत्तो सांगतले? तेंची तर बोलाचाली बंद होती."

हे एवढं साधं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण कुणी तिला विचारलंच नव्हतं.

जिन्यात दौलत भेटला. गिरगावच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा. कमिटीत त्याचं आणि गुणाजीचं हाडवैर आहे हे चाळीतलं शेंबडं पोरही सांगत होतं. मी त्याला सरळच विचारलं, घरी छापखान्याचं शिसं आहे का.

"आहे की. झिजलेले खिळे आणतो मी. घ्या, तपासा. मला पण आत टाका." त्याने चिडून मूठभर खिळे माझ्या हातात कोंबले. मी एक खिळा पायरीवर ठेवून शेजारच्या घरातून मागितलेल्या बत्त्याने ठोकला. तो चेपला नाही, मोडला. नखाचा ओरखडाही उठेना. छपाईचा खिळा दाबाखाली टिकावा म्हणून त्याच्या शिशात इतर धातू मिसळून ते कडक केलेलं असतं. माझ्या ताटलीतली गोळी लोण्यासारखी मऊ होती. दौलत सुटला, मात्र त्याचं त्याला काहीच वाटलं नाही.

संध्याकाळी चाळमालकांच्या घरी, मागच्या गल्लीला लागून असलेल्या इमारतीच्या माडीवर, गुणाजीची शोकसभा होती. मालक शरदचंद्र विजयकर. आमच्याच प्रभू समाजातले, माझ्या वडिलांच्या ओळखीचे, मी लहानपणापासून त्यांना शरददादा म्हणायचे. चळवळीत पहिल्या दिवसापासून उतरलेले बडे गृहस्थ म्हणून चाळीला त्यांचा कोण अभिमान. त्यांच्या उजव्या हाताला पट्टी होती, कपाळावर चिकटपट्टी. ती पट्टी मीच बांधली होती. रविवारी संध्याकाळी जखमींच्या गर्दीत ते आले, हाताला निळी शाई फासलेली. भाजल्यावर घरोघरी फासतात तशी. शाई पुसत बसायला वेळ नव्हता. मी वरून मलम लावून बांधून टाकलं आणि पुढच्या माणसाकडे वळले.

"पोलिसांचं अश्रुधुराचं नळकांडं येऊन पडलं पायाशी," दौलतच्या शेजारचा एक जण मला भारावून सांगत होता. "मालकांनी उचललं ह्या हाताने आणि दिलं परत भिरकावून. हात भाजला, पण हूं की चूं नाही."

लोकांनी शरददादांना हार घातला. त्यांनी दोन्ही तळहात जोडले, मग भाषणाच्या जोरात उजव्या हाताने टेबलावर थापा मारल्या. हेन्रीचं नाव न घेता ते म्हणाले, "घरभेद्याला क्षमा नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवणार होते.

तेवढ्यात माझी नजर भिंतीवर गेली. दादांच्या आजोबांनी मारलेल्या सांबराचं डोकं तिथे लहानपणापासून होतं. त्याच्या शिंगांवर बोटभर धूळ होती. त्याच्या खाली टांगलेली आजोबांची ठासणीची बंदूक मात्र लख्ख पुसलेली होती.

४

पुसलेल्या बंदुकीवरून माणूस आत जात नाही. मला शिशाबद्दल कळायला हवं होतं, म्हणून त्या रात्रीच मी क्लाराकडे गेले. तिने मला ये म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही.

फुटलेल्या काचा गोळा करून तिने खोक्यात भरल्या होत्या. अंगणात कुंपणावर पाग वाळत होता आणि त्याचा अर्धा काठ भुंडा होता. दोरी कापून मणी काढून नेलेले.

"हे कधी झालं?" मी विचारलं.

"आयतवारी पहाटे. शनवारी हेन्री शिवडीवरून आला, वला पाग हितं टाकला. सकाळी बघते तं ह्यी गत. मी सगल्या चाळीला आयकवलं त्या दिवशी. इन्स्पेक्टर म्हनतो, तुज्याच मानसाने कापले, गोल्या करायला."

"पण पोलिसांनी पलंगाखालची लादी नेली ना?"

"तीच तर. जुन्या पान्याच्या नळाच्या शिशाची लादी हाय. घरात एवडं शिसं पडलेलं असताना सोताचा पाग कोन कापंल?" तिने पागाची कापलेली कड माझ्यापुढे धरली. "पागाचा एक एक मनी बसवायला मानसाचे डोले जातात."

मी तिला हेन्री शिसं कसं ओततो ते विचारलं. तिने फळीवरून उरलेले मणी काढून दाखवले. गुळगुळीत, उजळ, कुठे डाग नाही. शिसं वितळलं की हेन्री त्यात चर्चमधल्या मेणबत्त्यांचे तुकडे टाकून ढवळायचा. सगळी घाण वर यायची, ती पळीने काढून टाकायचा, मग ओतायचा. पवित्र मेण असं जाळतोस म्हणून क्लारा त्याच्याशी भांडायची. मला ताटलीतली गोळी आठवली, तिच्या सुरकुत्या आठवल्या आणि तिच्यातले काळे कण. ती ओतणाऱ्याने शिसं कधी साफ केलं नव्हतं. साफ करायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं.

आणि त्याला हे मणी चोरावे का लागले? शहरात एक दुकान उघडं नव्हतं, भंगारवाला नव्हता. शिसं मागायला कुणाकडे गेला असता तर ते लक्षात राहिलं असतं. कुंपणावरचा पाग मात्र काही विचारत नाही.

"ज्यानं न्हेले तो तरी सुकानं नसंल," क्लारा काचांचं खोकं उचलत म्हणाली. "वले होते मनी. भोकान खाडीचं पानी आन भिजलेली दोरी. आमी चुलीपाशी ठेवून आदी कोरडे करतो. वितललेल्या शिशान वला मनी टाकला का पान्याची वाफ होते आन सगलं तोंडावर उडतं. हेन्रीचा बापूस येकदा चुकला. त्याच्या कपालावर मरेपर्यंत खडे व्हते शिशाचे."

"हेन्रीच्या अंगावर आता भाजल्याची खूण आहे?"

"येक नाय. इन्स्पेक्टरला इचार, त्यानं उघडा करून बघितला त्याला."

माझ्या डोळ्यांसमोर एक पट्टी आली. मी स्वतः बांधलेली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी शरददादांना पट्टी बदलायला यायचंच होतं. मी कर्णिकांना निरोप पाठवला की हेन्रीला कोर्टात नेण्याआधी माझ्या ड्रेसिंगच्या खोलीत या, नाहीतर मी सरळ वर्तमानपत्राकडे जाते. ते कुरकुरत आले आणि दारापाशी उभे राहिले. शरददादांनी त्यांना ओळखलं पण ओळख दाखवली नाही. कर्णिकांनीही दाखवली नाही. ते माझ्या लक्षात आलं.

"दादा, तळहात दाखवा," मी म्हटलं.

"तळहाताला काय झालंय?"

"काही झालेलं नाही. तेच बघायचंय."

त्यांनी हात उलटा केला. गोरा, स्वच्छ, मऊ तळहात.

"तापलेलं नळकांडं ह्या हाताने उचललंत आणि फेकलंत. तळहात कोरा, बोटं कोरी. भाजलंय ते मनगटाच्या वर, आणि कपाळावर. तेही ठिपके ठिपके."

"सुनंदा, गर्दीत काय कुठे उडालं कोण बघतो?" ते हसले. "तू डॉक्टर आहेस, पोलीस नाहीस."

"म्हणूनच बघते."

मी पट्टी सोडली. स्पिरिटने शाई पुसत गेले. खाली बारीक बारीक खपल्या होत्या. मी चिमट्याने एक उचलली तशी तिच्याखाली काहीतरी चमकलं. मी ते ओढून काढलं आणि ताटलीत टाकलं. मोहरीएवढा करडा दाणा. मग दुसरा. मग तिसरा. त्यांनी हात मागे घेतला, तो मी घट्ट धरून ठेवला. त्या वेळी माझ्या बोटांत एवढा जोर कुठून आला ते मला माहीत नाही.

"कर्णिकसाहेब, नख लावून बघा. मऊ शिसं आहे. अश्रुधुरातून शिसं गळत नाही."

कर्णिक पुढे आले. दाणा हातात घेऊन त्यांनी नखाने दाबला.

"ह्यांना गुणाजीने खोटा पत्ता सांगितला आणि तो पोलिसांकडे पोहोचला," मी म्हटलं. "पत्ता खोटा निघाला तेव्हाच ह्यांनी ओळखलं की आपलं नाव आता सभेत घेतलं जाणार. त्याआधी गुणाजी मरायला हवा होता, आणि तो पोलिसांच्या गोळीने मेला असं दिसायला हवं होतं. आजोबांची बंदूक होती, तिची दारू होती, गोळ्या ओतायचा चिमट्यासारखा साचा होता. लहानपणी आम्ही त्या साच्यात अक्रोड फोडायचो, आठवतं दादा? नव्हतं ते शिसं. बाजार बंद, म्हणून हेन्रीचा पाग कापला. कोरडं करून घ्यायचं असतं हे खाडीत उभं राहणाऱ्याला कळतं, माडीवर बसणाऱ्याला नाही. मणी ओले होते, ते उसळून अंगावर आले. मग भाजल्याचंही सोनं केलंत. तेवढ्यावर हार घालून घेतलेत. सोमवारी रस्त्यावर गोळीबार सुरू झाल्यावर माडीच्या मागच्या खिडकीतून गल्लीत बार टाकलात. आणि काल त्याच माणसाच्या शोकसभेत भाषण ठोकलंत."

"सुनंदा." त्यांचा आवाज एकदम हळू झाला. "तुझे वडील आणि मी एका पंगतीला बसलेलो आहोत. तू आपल्यातली. त्या मच्छी मारणाऱ्या पाववाल्यासाठी तू..."

"मी आठवडाभर मेलेल्यांच्या अंगातून गोळ्या काढल्यात," मी म्हटलं. "त्या मेलेल्यांच्या आड तुम्ही लपलात. पुन्हा मला आपल्यातली म्हणू नका."

कर्णिकांनी शरददादांच्या घराची झडती घेतली. माडीवरच्या मागच्या स्वयंपाकघरात छताच्या तुळईला शिशाचे थेंब चिकटलेले सापडले. बंदूक सापडली, साचा सापडला, आणि मोरीच्या कोनाड्यात पागाच्या कापलेल्या दोरीचा तुकडा. जाताना मी कर्णिकांना जिन्यात अडवलं.

"नावं तेच द्यायचे, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"नावं कुठून येतात ते विचारायचं नसतं, बाई."

"आणि त्यासाठी हेन्री लटकला असता तर?"

ते जिना उतरून गेले. मला वाटतं, ते त्या नोकरीत पुढे फार दिवस राहिले नाहीत. पण त्याने माझा राग काही कमी होत नाही.

६

हेन्री सुटून आला त्या संध्याकाळी मी तिथे होते. तो घरात शिरलाच नाही. अंगणात बसला आणि भुंडा पाग मांडीवर घेऊन त्याच्या काठावरून बोटं फिरवत राहिला. चाळीतले लोक कठड्याला टेकून खाली बघत होते. कुणाची खाली यायची छाती नव्हती. सगळ्यांत आधी बेबी उतरली. ती येऊन हेन्रीच्या शेजारी जमिनीवर बसली.

चाळीच्या दारावर हुतात्म्यांच्या नावांचा फळा होता. दौलतने विचारलं, गुणाजीचं नाव आता पुसायचं का, तो पोलिसांच्या गोळीने थोडाच मेला.

"हात लावून बघ," बेबी म्हणाली. "तुमच्यासाठीच मेले ते." दौलत फळ्यापासून मागे सरला.

दुसऱ्या दिवसापासून लोक येऊ लागले. कुणी जुन्या नळाचा तुकडा आणला, कुणी गिरणीच्या गासडीची शिशाची सीलं, दौलतने तर रुमालात बांधून खिळेच आणले. माफी कुणाच्या तोंडून निघत नव्हती, म्हणून शिसं आणत होते. क्लारा दारातच उभी राहिली. तिने कुणालाही घरात ये म्हटलं नाही. दौलतचे खिळे तिने परत केले, कडक आहेत म्हणून. एका म्हातारीने घंगाळात भिजलेला नळाचा तुकडा पुढे केला, तो तिने हातात घेऊन बघितला, आणि मग सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं बोलली.

"आदी सुकवून आना. वलं शिसं माज्या घरात नको."

म्हातारी तो तुकडा पदराने पुसत पुसत चाळीकडे वळली. दोन दिवसांनी मी पुन्हा गेले तेव्हा विजयकर चाळीच्या कठड्यांवर, पापडांच्या शेजारी, नळाचे तुकडे आणि सीलं उन्हात वाळत घातलेली होती.